पश्चात्तापावरील दोन दिवसांचे मननशिबिर : एक अभिप्राय

केवळ पश्चात्ताप या विषयाला वाहिलेल्या दोन दिवसांच्या मननशिबिरात मी नुकताच सहभागी झालो होतो. पहिले सत्र बायबलमधील स्तोत्र 51 वर होते; नाथान संदेष्ट्याने दोष पदरात घातल्यावर दावीद राजाने कोणतीही सबब न सांगता शुद्ध हृदयाची याचना कशी केली, हे वक्त्यांनी ओळीओळीने उलगडून दाखवले.

सर्वांत उत्तम भाग येशूचे शिष्य पेत्र आणि यहूदा यांच्या तुलनेचा होता. एकाने प्रभूला तीनदा नाकारले, दुसऱ्याने चांदीच्या 30 नाण्यांसाठी धरून दिले. पस्तावा दोघांनाही झाला, परंतु पेत्र रडून पुन्हा प्रभूकडे वळला आणि यहूदा निराशेत बुडाला, त्यामुळे अपराधाची नुसती बोचणी म्हणजे पश्चात्ताप नव्हे, हे मला (पन्नाशीत का होईना) प्रथमच नीट उमगले.

येशूला भेटलेल्या जक्कय या जकातदाराने लुबाडलेल्याच्या चौपट परत करण्याचे वचन दिले होते, तरीही ज्याचे आपण नुकसान केले त्या माणसाकडे कसे जावे, यासाठी जेमतेम दहा मिनिटे ठेवली होती, ही मोठी उणीव होय. पापकबुलीपूर्वीच्या आत्मपरीक्षणाची प्रश्नावली मात्र नेमकी होती. मौनाच्या तासात ध्वनिक्षेपकावरील सूचना तेवढ्या टाळायला हव्या होत्या.