एटी-एलपी१२०एक्स आणि व्हीएम९५ई: खरी परीक्षा लेबलाजवळ

ऑडिओ-टेक्निकाचा एटी-एलपी१२०एक्स हा रेकॉर्ड प्लेअर खोक्यातून काढून थेट लावला, तर रेकॉर्डची एक बाजू बरीचशी सुरेख वाजते. मग विलंबित संपून द्रुत सुरू होतो, ताना वेग घेतात आणि नेमकी तेव्हाच सुई लेबलाजवळ आलेली असते. ‘स’ आणि ‘श’ फुटायला लागतात, अभंगातला टाळ चरचरतो. अशा वेळी लोक रेकॉर्डला दोष देतात किंवा महागडी कार्ट्रिज (सुई बसवलेली छोटी डबी) शोधायला निघतात. त्याआधी हेडशेलमधले, म्हणजे आर्मच्या टोकाला कार्ट्रिज धरणाऱ्या तुकड्यातले, दोन स्क्रू सैल करून बघा. या प्लेअरचा आर्म आणि सोबत येणारी व्हीएम९५ई कार्ट्रिज ही जोडी सुरुवातीला वाटते त्याहून बरीच चांगली आहे, पण नीट बसवल्याशिवाय ते कळत नाही.

कारण भूमितीत आहे. ३३⅓ फेऱ्यांच्या एलपीवर बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर खाच सरकते, लेबलाजवळ जेमतेम २१. तितकंच गाणं निम्म्याहून कमी लांबीत दाटलेलं असतं, त्यामुळे सुई किंचित तिरकी असली तरी तिथे लगेच ऐकू येतं. शिवाय रेकॉर्ड कापणारं यंत्र सरळ रेषेत आत सरकतं आणि आपला आर्म मात्र एका टोकावर फिरतो. म्हणून सुई खाचेला अगदी समांतर अशी फक्त दोन ठिकाणी असते. लोफग्रेन यांनी १९३८ मध्ये आणि बेअरवाल्ड यांनी १९४१ मध्ये मांडलेल्या गणितानुसार ही ठिकाणं स्पिंडलच्या, म्हणजे रेकॉर्ड ज्यावर बसते त्या मधल्या खुंटीच्या, मध्यापासून ६६.० आणि १२०.९ मिलिमीटरवर येतात.

हे दोन बिंदू आणि जुळवायच्या रेषा छापलेलं मापाचं कार्ड, म्हणजे प्रोट्रॅक्टर, लागतो. नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या कुठल्याही झेरॉक्सच्या दुकानात जाड कार्डावर छापून मिळेल, पण ‘अ‍ॅक्चुअल साइज’ असं बजावून सांगा. ‘फिट टू पेज’ राहिलं आणि पान ९७ टक्के झालं, तर ६६ चे ६४ होतात आणि पुढची सगळी मेहनत वाया जाते. दुकानातच पट्टी लावून मोजा. भोक स्पिंडलवर घट्ट बसलं पाहिजे. कार्ड अर्धा मिलिमीटर हललं तरी माप चुकतं.

आधी सुईचं रेकॉर्डवर पडणारं वजन अंदाजे लावून घ्या, प्लॅटर (फिरती थाळी) हाताने धरून ठेवा आणि सुई आतल्या बिंदूवर टेकवा. जुळवायचा तो कँटिलिव्हर, म्हणजे सुई धरणारी बारीक नळी. कार्ट्रिजच्या प्लास्टिकच्या कडेवर विसंबू नका, नळी बॉडीशी किंचित वाकडी असू शकते. समोरून टॉर्च आणि भिंग घेऊन नळी रेषांना समांतर करा, मग बाहेरच्या बिंदूवर जा. तिथे कार्ट्रिजचं नाक स्पिंडलकडे वळलेलं दिसलं, तर ती फार पुढे बसली आहे, मागे घ्या. नाक बाहेर वळलेलं असेल तर पुढे घ्या. प्रत्येक वेळी आतल्या बिंदूवर परत येऊन पुन्हा समांतर करायची. एक मिलिमीटर चुकलं तरी दोन बिंदूंमधला फरक साधारण ०.४ अंशच दिसतो, म्हणून घाई केली की ‘जमलं’ असं वाटतं आणि जमलेलं नसतं. पाऊण तास धरून चला. स्क्रू आवळताना कार्ट्रिज फिरते, तेव्हा दोन्ही बाजू आलटून पालटून पाव-पाव फेरा द्या आणि शेवटी दोन्ही बिंदू पुन्हा तपासा.

संग्रहात ४५ फेऱ्यांच्या छोट्या ईपी जास्त असतील किंवा लेबलाच्या अगदी जवळपर्यंत कापलेल्या एलपी असतील, तर स्टीव्हनसन यांच्या गणितातले ६०.३ आणि ११७.४ मिलिमीटर हे बिंदू घ्या. शेवट अधिक स्वच्छ होतो, मधल्या भागात थोडं गमवावं लागतं. बाकीच्यांसाठी बेअरवाल्डच बरं.

आता वजन नक्की करायचं. अँटी-स्केट (आर्मची आत ओढली जाण्याची ओढ तोलणारी कळ) शून्यावर ठेवून, मागचं काउंटरवेट फिरवून आर्म तरंगता करा, काउंटरवेटची आकड्यांची रिंग शून्यावर आणा आणि २.० ग्रॅम लावा. या कार्ट्रिजची मर्यादा १.८ ते २.२ आहे. रिंगवरच्या आकड्यापेक्षा ०.०१ ग्रॅम दाखवणारा छोटा डिजिटल काटा खरा, फक्त त्याची ताटली रेकॉर्डच्या उंचीला हवी. वजन कमी ठेवलं की रेकॉर्ड जपली जाते, हा समज घातक आहे. हलकी सुई खाचेत उडते आणि भिंतींना टवके पाडते.

अँटी-स्केट २ पासून सुरू करा. जोरकस जागी उजवा स्पीकर आधी फाटला तर वाढवा, डावा फाटला तर कमी करा. कोऱ्या गुळगुळीत तबकडीवर सुई स्थिर ठेवून बघण्याची युक्ती फसवी आहे, खाचेतलं घर्षण तिथे नसतंच.

आर्मची उंची या प्लेअरवर बदलता येते, ही मोठी सोय. रेकॉर्डवर सुई असताना आर्मची नळी समतल ठेवा आणि तिथेच थांबा. सुईचा कल एक अंश बदलायला सुमारे चार मिलिमीटर उंची लागते, त्यामुळे प्रत्येक रेकॉर्डच्या जाडीसाठी रिंग फिरवत बसणं व्यर्थ.

सुई समोरून सरळ उभी आहे का, हे छोट्या आरशावर दिसतं. कानाने तपासायला मोनो रेकॉर्ड उत्तम. नाशिकशी नातं असलेले गायक द. वि. पलुस्कर १९५५ मध्ये गेले, म्हणजे स्टिरिओ एलपी बाजारात येण्याआधीच. त्यांचा आवाज दोन स्पीकरच्या बरोबर मध्ये, एका जागी उभा राहिला पाहिजे. एका बाजूला झुकला किंवा पसरला, तर आधी हेडशेल आर्मच्या तोंडात घट्ट आणि सरळ बसलंय का ते बघा. तरीही कलत असेल तर कार्ट्रिजच्या एका बाजूखाली कागदाची बारीक पट्टी पुरते.

नाशिकच्या हवेचाही विचार हवा. डिसेंबर-जानेवारीतल्या गारठ्यात कँटिलिव्हरचं रबर ताठरतं आणि नीट बसवलेली कार्ट्रिजही चिरकते. सकाळी सेटिंगला हात घालू नका, खोली २० अंशांच्या वर गेल्यावर ऐका. जुन्या नाशकात किंवा पंचवटीत वाड्याच्या लाकडी माडीवर प्लेअर असेल तर पावलागणिक सुई हलते. तिथे भिंतीत ठोकलेली फळीच कामाची.

एवढं झाल्यावर व्हीएम९५ईची लंबवर्तुळी सुई द्रुतातही अक्षरं स्पष्ट ठेवते. टाळाची शेवटची किणकिण मात्र तिला पूर्ण धरता येत नाही, ती हवी असेल तर याच बॉडीत बसणारी, अधिक बारीक टोकाची मायक्रोलिनिअर सुई घ्या. बॉडी हलवावी लागत नाही, जुनी सुई ओढून नवी सरकवायची. नव्या सुईची नळी जुनीसारखीच असेल असं मात्र नाही, तेव्हा प्रोट्रॅक्टरचं कार्ड रेकॉर्डच्या कव्हरात सपाट जपून ठेवा.