पाळणाघर बंद, फी चालू: अर्धी द्यावी की पूर्ण देऊन पुढे वळती करावी?

25 मार्च 2020 ला देशभर टाळेबंदी लागली आणि औरंगाबादेत वाळूज एमआयडीसीत नोकरी करणाऱ्या आई-बापांपुढे प्रश्न आला: लेकरू घरी, मग पाळणाघराची फी कशाची?

पूर्ण नाकारणं मला पटत नाही. आमच्याकडची बहुतेक पाळणाघरं कुण्या काकूंच्या दोन खोल्यांत चालतात. दूध, खिचडी, गॅस यांचा खर्च थांबतो. खोलीचं भाडं आणि भरवणाऱ्या, झोपवणाऱ्या मावशींचा पगार थांबत नाही. अर्धी फी याच हिशोबावर उभी आहे. देणाऱ्याचा पगार कापला गेला असला तरी झेपते, आणि दिले ते दिले, मागे काही उरत नाही.

दुसरी वाट म्हणजे पूर्ण फी द्यायची आणि उघडल्यावर ती पुढच्या महिन्यांत वळती करायची. पालकाला हे बरं वाटतं, पैसा बुडत नाही. पण काकूंसाठी ती उसनवारीच. दार उघडेल तेव्हा लेकरं निम्मीच येणार, भाडं पूर्ण, दूध पुन्हा सुरू, आणि हातात फी शून्य! खरी अडचण तिथं होते.

खाजगी शाळांच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने मे 2021 मध्ये, राजस्थानच्या प्रकरणात, वाचलेल्या खर्चापोटी 15 टक्के सूट ठरवली. पाळणाघराला तो निकाल लागू नाही, तत्त्व मात्र घेण्यासारखं आहे.

मी अर्धीच्या बाजूने. ज्यांचा पगार शाबूत आहे त्यांनी मावशींच्या पगारापुरतं वर द्यावं, आणि ते परत मागू नये.