श्रावणातल्या कहाण्यांची दोन पुस्तकं: मी पातळ प्रतीच्या बाजूची

श्रावण जवळ आला की पूजेच्या सामानाच्या दुकानांत जिवतीच्या कागदाशेजारी व्रतांच्या कहाण्यांची पुस्तकं दिसू लागतात. यंदा डोंबिवलीच्या बाजारातून मी दोन आणली. एक नेहमीची, पिवळसर कागदाची, पिना मारलेली, चाळीस रुपयांची. दुसरी मुलांसाठी काढलेली, रंगीत चित्रांची, बरीच महाग. दोन्ही घरात मोठ्यानं वाचली. ऐकायला सासूबाई आणि सातवीतली लेक.

पातळ प्रतीत शुद्धलेखनाच्या चुका आहेत, शुक्रवारच्या कहाणीत एक ओळ दोनदा छापली गेलीय. पण टाइप मोठा आहे, आणि वाचताना जीभ अडखळत नाही. आटपाट नगर होतं, तिथं एक राजा होता, अशी श्वासाच्या मापाची वाक्यं. तेच प्रश्न, तीच उत्तरं फिरून येतात, म्हणून सासूबाई पुढची ओळ माझ्याआधी म्हणतात. ‘साठा उत्तराची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण’ झालं की अक्षता वाहायच्या. कहाणी ऐकल्याखेरीज व्रत पुरं होत नाही.

आदित्य राणूबाईच्या कहाणीत तर हे सगळं उघडच सांगितलंय. गरीब ब्राह्मणाच्या दोन मुली, एक राजाला दिलेली, एक प्रधानाला. बाप भेटायला येतो, म्हणतो, माझी कहाणी ऐक. राणीला वेळ नसतो, तिला दारिद्र्य येतं. प्रधानाची बायको ऐकते, तिचं बरं होतं. पुढे राणीचे दिवस पालटतात तेव्हा वाटेत ती उपाशी माणूस शोधते, कहाणी ऐकवायला. मोळीविक्या भेटतो. सहा मोत्यांतली तीन ती त्याला देते, तीन स्वतःकडे ठेवते. ती मनोभावे सांगते, तो चित्तभावे ऐकतो, आणि त्याची मोळी सोन्याची होते. सांगणारी राणी, ऐकणारा लाकूडतोड्या, मोती मात्र सारखे. लोककथा कशासाठी असते याचं याहून चांगलं उत्तर मला कुठे मिळालेलं नाही.

रंगीत प्रतीनं नेमके हे मोती गाळलेत! राणीनं गोष्ट सांगितली, मोळी सोन्याची झाली, एवढंच. चित्रं सुरेख आहेत, कागद जाड आहे, पण सोमवारची खुलभर, म्हणजे लहानशा भांड्याभर, दुधाची कहाणी वाचून मला रागच आला. राजा गाभारा दुधानं भरायला निघतो, घरोघरचं सगळं दूध मागवतो, वासरं-लेकरं उपाशी राहतात, गाभारा काही भरत नाही. म्हातारी आधी घरातल्यांना आणि वासरांना पाजते, मग उरलेलं खुलभर दूध वाहते, आणि गाभारा भरतो. राजा पहाऱ्याला बसून तिला पकडतो, तेव्हा ती अभय मागून घेते आणि तोंडावर सांगते की लेकरावासरांचे तळतळाट तुझ्या माथी आले. राज्यकर्त्याला त्याच्याच देवळात असं सुनावणारी एक म्हातारी घराघरांत दर श्रावणात बोलते, हे केवढं मोठं आहे! रंगीत प्रतीत तिचं बोलणंच नाही. ‘राजाला चूक उमगली’ असं एक वाक्य, आणि खाली चौकटीत तात्पर्य: देव भावाचा भुकेला.

१९१४ साली सी. ए. किंकेड या ब्रिटिश अधिकाऱ्यानं याच कहाण्या इंग्रजीत नेल्या, त्याही बालकथा म्हणून. मुलांनी त्या ऐकाव्यातच. पण या बायकांनी बायकांना सांगितलेल्या गोष्टी आहेत. सवत, सासुरवास, मूल नसणं, उपासमार हे सगळं त्यांत आहे, आणि माझ्या लेकीला ते कळतं. खुलभर दुधाची कहाणी संपल्यावर तिनं विचारलं, म्हातारीनं अभय आधी का मागितलं? त्यावर सासूबाई आणि ती बराच वेळ बोलत बसल्या.

मुलांना नुसती चित्रं दाखवायची असतील तर रंगीत प्रत ठीक. मोठ्यानं वाचणार असाल तर पातळच घ्या, आणि घेताना राणूबाईच्या कहाणीत मोत्यांची वाटणी आहे ना, तेवढं दुकानातच उघडून बघा.