विसार माझा, टॉमी गन भलत्याचीच

अमेरिकेत मशीनगन कायद्याने घरी ठेवता येते म्हटलं की आपल्या लोकांना आधी ते खोटं वाटतं, आणि नंतर मी वेडा वाटतो. मंडळाच्या गणपतीत "कशाला हे असले नाद?" हा प्रश्न ठरलेला. नादाचं समर्थन करायला हे लिहीत नाही. मला साडेअकरा हजार डॉलरचा गंडा घालणारा माणूस परवानाधारक डीलर होता, त्याचे कागद खरे होते, आणि त्याने जे केलं ते इथल्या कायद्याच्या आडोशानेच केलं. टेक्सस, ॲरिझोना, पेनसिल्व्हेनियात आपल्यापैकी कुणी जुन्या शस्त्रांच्या वाटेला जात असेल तर त्याला हे माहीत असावं.

आधी कायदा, थोडक्यात. १९३४ च्या नॅशनल फायरआर्म्स ॲक्टने मशीनगनची नोंदणी सक्तीची केली आणि प्रत्येक हस्तांतरावर २०० डॉलर कर लावला. त्या काळी नवी थॉमसन सबमशीनगनच साधारण तेवढ्याला मिळे. म्हणजे कर बंदुकीएवढा! १९६८ मध्ये बिननोंदणीच्या शस्त्रांसाठी महिनाभराची माफी दिली आणि सामान्य माणसासाठी मशीनगनची आयात थांबवली. मग १९ मे १९८६ ला नोंदणीची वहीच बंद झाली. त्या दिवसापर्यंत नोंदल्या गेलेल्या बंदुकाच काय त्या खासगी माणसांमध्ये हस्तांतरित होऊ शकतात. अशा पावणेदोन लाखांच्या आसपास आहेत आणि त्यात एकीचीही भर पडणार नाही. त्यामुळे एम-सिक्स्टीन रायफल आज तीस हजार डॉलरच्या वर जाते. आणि ज्या मालाची आवक कायमची थांबली त्याच्याभोवती भामटे जमणारच.

मला थॉमसन हवी होती, आपली 'टॉमी गन'. कारण माणगाव तालुक्यातलं. पळसगावचे नाईक यशवंत घाडगे मराठा लाइट इन्फंट्रीत होते. १० जुलै १९४४ ला इटलीत, टायबरच्या खोऱ्यात, त्यांची तुकडी मशीनगनच्या माऱ्यात जवळपास सगळी पडली. ते एकटेच त्या मोर्चावर धावून गेले. ग्रेनेड टाकला, टॉमी गनने एकाला टिपलं, मॅगझिन बदलायला वेळ नव्हता म्हणून तीच बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना लोळवलं, आणि तिथेच गोळ्या लागून ते गेले. व्हिक्टोरिया क्रॉस मरणोत्तर. ही गोष्ट लहानपणापासून ऐकलेल्या माणसाला जुन्या शस्त्रांचा संग्राहक म्हणून दुसरं काय हवंसं वाटणार?

२०२१ मध्ये दुसऱ्या राज्यातल्या एका डीलरकडे युद्धकाळातली एम-वन-ए-वन थॉमसन असल्याचं कळलं. बाजारात तेव्हा पंचवीस हजारांच्या आसपास भाव होता, हा तेवीसला द्यायला तयार. फार स्वस्त नाही, म्हणून संशय यायला जागा नाही. त्याचा परवाना सरकारी यादीत तपासला, चालू होता. फोटो सुरेख होते. एम-वन-ए-वनचा बोल्ट मागे ओढायचा दांडा उजव्या बाजूला असतो, आधीच्या १९२८ मॉडेलचा वरच्या अंगाला. तो जागेवर होता. नंबर स्पष्ट. सोबत जुन्या मालकाच्या मंजूर फॉर्म फोरची, म्हणजे हस्तांतराच्या अर्जाची, प्रत, २०० डॉलर कराच्या स्टँपसकट, नावावर काळा मार्कर फिरवलेला.

मालक वारले होते. बंदूक त्यांच्या इस्टेटीत होती. "आधी इस्टेटीकडून ती माझ्या नावावर येईल, मग तुमच्या राज्यातल्या डीलरकडे, मग तुमच्या नावावर," असं त्या डीलरने सांगितलं. कायद्याने हे बरोबरच आहे, परराज्यातली मशीनगन थेट घरी येत नाही. माझ्या इथल्या डीलरने मात्र पहिल्याच दिवशी विचारलं, "इस्टेटीकडून सरळ माझ्याकडे येऊ शकते की. हा मधे कशाला?" यावर उत्तर तयार होतं: मृत्युपत्राचं काम बघणाऱ्या बाई वयस्कर आहेत, अनोळखी लोकांशी बोलायला घाबरतात. निम्मी किंमत विसार म्हणून बँकेच्या वायरने मागितली. ती पाठवली.

आता खरी मेख. त्या वेळी कागदी फॉर्म फोर मंजूर व्हायला दहा-अकरा महिने लागत. सगळ्यांनाच लागत. म्हणजे पैसे घेऊन वर्षभर काहीही न करणारा माणूस आणि इमानदारीने अर्ज करून बसलेला माणूस बाहेरून अगदी सारखेच दिसतात! चौकशी केली की "पेंडिंग आहे". मग "बोटांचे ठसे पुन्हा मागितलेत". मग "दुरुस्तीचं पत्र आलंय". यातली प्रत्येक गोष्ट खऱ्या अर्जांच्या बाबतीतही घडते.

सरकारला विचारावं, तर नोंदणी हा कराचा कागद आहे आणि करदात्याची माहिती तिऱ्हाइताला देता येत नाही. अमुक नंबर कोणाच्या नावावर आहे, अर्ज आला आहे का, काही सांगत नाहीत. आपल्याकडे एकच प्लॉट चौघांना विकणारे असतात, पण निदान सातबारा कुणालाही काढता येतो. इथे सातबारा फक्त मालकाच्या तिजोरीत.

वर्ष उलटायला आलं तेव्हा त्याने नवी टूम काढली. थॉमसन अडकली आहे, त्याऐवजी एक उझी (इस्रायली सबमशीनगन) घ्या, आणखी चार हजार भरा. कुठली उझी, म्हणून खोदून विचारलं तर ती निघाली १९६८ ते १९८६ या काळात आयात झालेली 'डीलर सँपल'. ती विशेष कर भरणाऱ्या डीलरांमध्येच फिरते, माझ्यासारख्याच्या नावावर होऊच शकत नाही. ती घेऊन मी घरी आलो असतो तर दहा वर्षांपर्यंतच्या तुरुंगवासाचा गुन्हा माझ्याच नावावर. त्या दिवशी मी ती फॉर्मची प्रत पुन्हा काढली.

नावावर मार्कर फिरवला होता, पण मागची बाजू तो विसरला. २०१६ पर्यंत अशा अर्जावर स्थानिक पोलीसप्रमुखाची सही लागायची. या फॉर्मवर शेरीफची सही होती आणि सहीखाली काउंटीचं, म्हणजे जिल्ह्याचं, नाव. बंदुकीची नोंदणी गुप्त असली तरी प्रोबेट कोर्टाचे (मृत्युपत्र-वारसा बघणाऱ्या कोर्टाचे) कागद सहसा खुले असतात. त्या काउंटीच्या क्लार्ककडे फोन केला, थोडी फी भरली, आणि एका इस्टेटीच्या मालमत्तेच्या यादीत घड्याळं, ट्रॅक्टर यांच्यामध्ये माझी थॉमसन सापडली. नंबर तोच.

इस्टेटीच्या वकिलाने शांतपणे सांगितलं की बंदूक विकायला काढलेलीच नाही. ती मुलाला जाणार, वारसाला फॉर्म फाइव्हवर कर न भरता मिळते. हा डीलर फक्त किंमत ठरवायला बोलावला होता. फोटो काढले, फॉर्मची झेरॉक्स घेतली, गेला. "आणि तुम्ही फोन करणारे पहिले नाही," असंही तो वकील म्हणाला. त्याच बंदुकीवर आणखी लोकांनी विसार दिला होता.

बँकेने हात वर केले, वायरने गेलेला पैसा परत येत नाही. एफबीआयच्या इंटरनेट तक्रार केंद्रात, त्याच्या शेरीफकडे आणि परवाना देणाऱ्या खात्याकडे तक्रारी केल्या आहेत. दुकान बंद आहे. आम्ही काही जणांनी मिळून वकील केला आहे, दावा चालू आहे, पैशांचं बघू.

यातून माझं व्यवहाराचं धोरण असं झालं. पहिला प्रश्न एकच: आज, या क्षणी, नोंदणी कोणाच्या नावावर आहे? विकणाऱ्याच्या नसेल तर ज्याच्या नावावर आहे त्याच्याशी, किंवा त्याच्या वकिलाशी, थेट बोलायचं. ते जमत नाही म्हणणाऱ्याला नमस्कार. पैसे एस्क्रोत (तिऱ्हाइताच्या ताब्यातल्या खात्यात) किंवा माझ्या डीलरच्या हातात, आणि मोठी रक्कम बंदूक त्याच्या दुकानात पोचल्यावरच. अर्ज खरंच दाखल झाल्याचा पुरावा ठरलेल्या तारखेपर्यंत आला नाही तर विसार परत, हे करारात लिहून घ्यायचं. आता ऑनलाइन अर्ज बरेच लवकर मंजूर होतात, तेव्हा "वर्षभर पेंडिंग" ही सबब आज कुणी पुढे केली तर लगेच उलटतपासणी करा.

दुसऱ्याही खोड्या आहेत. युद्धानंतर कापून भंगारात काढलेल्या बंदुकांचे तुकडे जोडून १९८६ पूर्वी नोंदवलेल्या थॉमसन कायदेशीर असतात, पण किंमत बरीच कमी. जोड लपवायला वरून ताजं पॉलिश चढवतात. टॉर्च घेऊन आतून बघा, घासलेली रेघ किंवा अक्षरांमधलं उगाच कमी-जास्त अंतर दिसतं. न्यू जर्सीत, कॅलिफोर्नियात राहणाऱ्या सामान्य माणसाला कुणी "तुमच्यासाठी करून देतो" म्हणाला तर तिथे बोलणंच संपवा, त्या राज्यांत त्याला ते शक्य नाही. भारतातल्या मित्रांनी तर या वाटेला जाऊच नये. १९५९ च्या आर्म्स ॲक्टप्रमाणे स्वयंचलित शस्त्र केंद्र सरकारच्या खास परवानगीशिवाय ठेवता येत नाही, आणि तशी परवानगी मिळवून देतो म्हणणारा कोण असेल ते उघड आहे.

२०२१-२२ मध्ये इस्टेटीतल्या थॉमसनसाठी ज्यांनी कुणी वायरने विसार दिला असेल, त्यांनी आपल्याकडच्या फॉर्मच्या प्रतीची मागची बाजू आधी बघावी. शेरीफच्या सहीखाली काउंटी वाचता येत असेल तर तिथल्या प्रोबेट क्लार्कला फोन करा, मालमत्तेची यादी मागवा आणि नंबर पडताळा. वायरची पावती आणि ईमेल काढून टाकू नका, तक्रारीला तेच लागतात.