बी उगवेपर्यंत परतीची मुदत संपलेली असते

हर्ब गार्डनच्या, म्हणजे स्वयंपाकातल्या सुवासिक वनस्पती घरी लावायच्या तयार किटमध्ये फसवणूक बियांपेक्षाही तारखांची असते. माल परत करायला बहुतेक वेळा आठ-दहा दिवस मिळतात. पार्सली उगवायला तीन-चार आठवडे लागतात आणि रोझमेरी तर महिनाभर तोंड दाखवत नाही. काहीच उगवणार नाही हे कळेपर्यंत मुदत गेलेली असते. मग विकणाऱ्याचं ठरलेलं उत्तर येतं: तुमच्याकडून पाणी जास्त झालं असेल.

म्हणून पुड्या थेट कुंडीत रिकाम्या करू नका. खोकं उघडताना व्हिडिओ काढा. त्याच दिवशी बेसिलच्या 10 बिया ओलसर टिश्यू पेपरवर ठेवून डबा बंद करा. जागा 20 ते 25 अंश तापमानाची हवी आणि कागदातून पाणी निथळता कामा नये, नाहीतर बुरशी धरते. बेसिलला 5 ते 10 दिवसांत मोड येतात. दहातल्या तीन-चारच उगवल्या तर तारखेसकट फोटो काढा आणि किट परत पाठवा. बेसिलचं बी नीट ठेवलं तर काही वर्षं टिकतं. तेच मेलं असेल, तर वर्ष-दोन वर्षांत दम सोडणाऱ्या पार्सलीकडून काय अपेक्षा ठेवायची? उलट बेसिल छान उगवलं म्हणून बाकीच्या पुड्या ताज्या ठरत नाहीत. सावकाश उगवणाऱ्या बियांची उगवणक्षमता किती टक्के आणि चाचणी कोणत्या महिन्यात झाली, हे खरेदीआधीच लेखी विचारा. नुसत्या पॅकिंगच्या तारखेवर जाऊ नका, जुनं बी नव्या पाकिटात कालही भरलेलं असू शकतं.

जाहिरातीतला एक व्हिडिओ हमखास गंडवतो. बेसिलचं बी पाण्यात टाकलं की काही मिनिटांत त्याभोवती जेली धरते आणि खाली ओळ येते, 'बी जिवंत आहे'. सब्जा फुगतो तसलाच हा प्रकार. टरफलातला चिकट पदार्थ पाणी शोषतो, त्यामुळे मेलेलं बीसुद्धा फुगतं.

काही पुड्यांवरचं तर नावच खोटं असतं. पेपरमिंट हा संकर आहे आणि वांझ आहे. त्याचं बी म्हणून मिळतं ते दुसऱ्याच पुदिन्याचं. फ्रेंच टॅरागॉन ही स्वयंपाकातली सुवासिक वनस्पती जवळपास बी धरतच नाही. पुडीतून उगवतो तो रशियन टॅरागॉन, झाड जोमदार पण वासाच्या नावाने बोंब. ही दोन्ही रोपं फांदीपासून किंवा मुळांचे तुकडे करूनच करतात. घेताना एक पान चुरगळून वास घ्यावा, पाटीवर विश्वास ठेवू नये.

तयार रोपांतही खोट असते. हिरवीगार, गच्च भरलेली बेसिलची कुंडी म्हणजे एक झाड नसतं. मूठभर मातीत पंधरा-वीस रोपं दाटीने उगवलेली असतात आणि आठवड्या-दोन आठवड्यांत ती माना टाकतात. ही कुंडी वाचवता येते: मातीचा गोळा भिजवून चार-पाच जुडगे हलक्या हाताने सुटे करा आणि वेगवेगळ्या कुंड्यांत लावा. रोझमेरीच्या बाबतीत मात्र कालच खोचलेली फांदी 'रोप' म्हणून गळ्यात मारतात. बुंधा अलगद वर ओढून पाहा. सहज सुटून आला, कुंडीच्या भोकाशी पांढरी मुळं दिसली नाहीत, तर घेऊ नका.

कोकोपीटची (नारळाच्या काथ्याच्या भुशाची) वीट स्वस्त असेल तर ती न धुतलेली असण्याची शक्यता मोठी. त्यातल्या मिठाने पानांची टोकं करपतात आणि दोष खताला लागतो. वीट भिजवा, पिळा, पाणी बदला, असं दोन-तीनदा करा. कोकोपीटमध्ये अन्न जवळपास नसतं, तेव्हा एक तृतीयांश कंपोस्ट मिसळावंच लागतं.

किटमधली कुंडी उलटी करून पाहा. भोक नसेल आणि सोबत 'निचऱ्यासाठी' खडे दिले असतील, तर ते खडे बाजूला ठेवून द्या. पाणी खड्यांवरच्या मातीत अडून राहतं आणि रोझमेरी, थाईम आधी कुजतात. कुंडी प्लास्टिकची असेल तर तापवलेल्या खिळ्याने चार भोकं पाडा.