कोर्ट नाका, ठाणे : कायद्याच्या पुस्तकांचं दुकान (परकीय नागरिक आणि युद्धकैदी या कप्प्यापुरतं)

दुकान चिंचोळं, दोन गिऱ्हाईकं आली की तिसऱ्याने फुटपाथवर थांबायचं. पण गल्ल्यावरच्या काकांना माल माहीत आहे. ‘फॉरेनर्स अ‍ॅक्ट द्या’ म्हटलं की आधी विचारतात, ‘केस कधीची?’ प्रश्न अगदी बरोबर. 1946 चा कायदा रद्द होऊन इमिग्रेशन अँड फॉरेनर्स अ‍ॅक्ट, 2025 हा 1 सप्टेंबर 2025 पासून लागू झाला. त्याआधी घडलेल्या गुन्ह्याला जुनाच लागतो, एफआयआर नंतरचा असला तरी. म्हणून जुनी प्रत रद्दीत घालू नका.

जिनिव्हा कन्व्हेन्शन्स अ‍ॅक्ट, 1960 घेताना मात्र उघडून बघाच. पातळ प्रतीत कायद्याची मोजकी कलमं असतात, करार नसतात; आणि खरा मजकूर 1949 च्या चार करारांत, म्हणजे परिशिष्टांत आहे. तिसऱ्या कराराचं कलम 5 सापडतं का बघा: पकडलेला माणूस युद्धकैदी आहे की नाही याची शंका असेल, तर सक्षम न्यायाधिकरणाचा निर्णय होईपर्यंत त्याला युद्धकैद्याचंच संरक्षण. चौथ्यातलं 43 सुद्धा हवं. शत्रुराष्ट्राच्या नागरिकाला स्थानबद्ध केलं, तर कोर्टाने किंवा मंडळाने वर्षातून निदान दोनदा फेरविचार करायचा, तो यात आहे.

एवढं विकत घेतलं म्हणून त्याच्या जोरावर थेट रिट (हायकोर्टात किंवा सुप्रीम कोर्टात हक्कासाठी करायचा अर्ज) लावता येईल असं समजू नका. गोव्यात पोर्तुगीज नागरिकत्व ठेवून राहिलेल्या फादर मोंतेरो यांच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने 1969 मध्येच सांगितलं, की हा कायदा कोणाला दाद मागण्याचा वेगळा हक्क देत नाही. ही टीप कुठल्याच बेअर अ‍ॅक्टमध्ये, म्हणजे नुसत्या कलमांच्या छापील प्रतीत, नाही आणि नवखे वकील नेमके इथेच अडकतात.

त्यामुळे खरी भिस्त राज्यघटनेवर. मराठी-इंग्रजी द्विभाषी प्रत घ्या, कारण फरक एका शब्दाचा आहे: कलम 19 मध्ये ‘नागरिक’, 14 आणि 21 मध्ये ‘व्यक्ती’. परदेशी माणूस 21 मागू शकतो, 19 नाही. 22 वाचताना पोटकलम (3) वगळू नका. अटकेची कारणं, वकील, 24 तासांत मॅजिस्ट्रेटसमोर हजर करणं, ही सगळी हमी शत्रुदेशीय व्यक्तीला तिथे नाकारलेली आहे. खेदाची गोष्ट म्हणजे हीच द्विभाषी प्रत इथे बऱ्याचदा संपलेली असते.

विधी सेवा प्राधिकरण कायदा, 1987 ची पुस्तिकाही सोबत घ्या. कलम 12 नुसार कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळतो. त्याला नागरिकत्वाची अट नाही, उत्पन्नाचीही नाही. हेल्पलाइन 15100. तळोजा कारागृहातल्या माणसासाठी धावपळ असेल तर आधी गुन्हा कुठे नोंदला ते बघा: बेलापूर कोर्ट ठाणे जिल्ह्यात, पनवेल रायगडमध्ये, दोघांचं विधी सेवा प्राधिकरण वेगळं.

छापील किमतीवर सूट मागितल्याशिवाय देत नाहीत. कोर्टाची जेवणाची सुट्टी टाळून जा, तेव्हा उभं राहायला जागा नसते. पाचपैकी साडेतीन.