वय वर्षे ८ ते ८०: कोड्यांचा संच, आठ महिन्यांनंतर

खोक्यावर ठळक अक्षरांत छापलं होतं, 'वय वर्षे ८ ते ८०'. आमच्याकडे लेक नऊ वर्षांची आणि सासरे चौऱ्याहत्तरचे, म्हणजे दोन्ही टोकं मापात बसत होती. दिवाळीच्या सुट्टीत ठाण्याच्या नौपाड्यातल्या एका दुकानातून ८९० रुपयांना घेतला. आत तर्ककोड्यांची दोन जाड मराठी पुस्तकं, आठ चकत्यांचा लाकडी हनोई मनोरा (तीन खांब, एकेक चकती हलवत सगळी रास दुसऱ्या खांबावर न्यायची) आणि एक टँग्रॅम, म्हणजे सात तुकडे जुळवून आकृत्या करायचा खेळ. टँग्रॅमबद्दल एवढंच सांगते, की सातातला एक तुकडा पहिल्याच आठवड्यात हरवला आणि कोणाला त्याची आठवणही आली नाही.

प्रत्येक कोड्याला एक ते पाच तारे दिलेत. एक तारा लहानांसाठी, पाच तारे मोठ्यांसाठी. या ताऱ्यांवर विसंबू नका. वाघ, शेळी आणि गवत नदीपार न्यायचं जुनं कोडं एका ताऱ्यात टाकलंय. माझा नवरा इंजिनीअर, तरी वीस मिनिटं अडकला. कारण पैलतीरावर नेलेली शेळी परत ऐलतीराला आणावी लागते, आणि झालेलं काम उलटं फिरवायला मोठ्या माणसाचा हात धजत नाही. लेकीला त्याचं काहीच वाटलं नाही. सात फेऱ्या, मोकळी.

उलट चार ताऱ्यांचं हे बघा. गावात काही लोक नेहमी खरं बोलतात, बाकीचे नेहमी खोटं. दोघं भेटतात, पहिला म्हणतो, "आम्ही दोघंही खोटारडे." कोण काय? मी कागदावर शक्यतांचा तक्ता मांडत होते, तोवर लेक पोहे खाता खाता म्हणाली, "अगं, खरं बोलणारा स्वतःला खोटारडा म्हणेल का? म्हणजे पहिला खोटारडा. मग 'दोघंही' हे खोटं पडायला दुसरा खरा हवा." शाळेत रोज 'बाई, हिनेच केलं' ऐकणाऱ्या मुलीला या कोड्यात अवघड ते काय!

खरी मजा सुडोकूच्या विभागात आली, आणि मनस्तापही तिथेच. नाव जपानी असलं तरी आजचं सुडोकू १९७९ साली एका अमेरिकन मासिकात आलं. ते हॉवर्ड गार्न्स या वास्तुविशारदाने रचलं असं मानतात. जपानात ते १९८४ नंतर रुजलं. त्याचा अलिखित करार असा, की उत्तर एकच असणार. बाबा, म्हणजे सासरे, वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात एकतीस वर्षं टूलरूममध्ये होते. मोजमापात चूक हा शब्द त्यांच्या कोशात नाही. जानेवारीत एका सुडोकूचं त्यांचं उत्तर मागच्या पानाशी जुळेना. खोडून पुन्हा केलं, पुन्हा तेच. दोन दिवस गप्प होते. "आता डोकं चालत नाही" असंही एकदा पुटपुटले.

शेवटी मी ते पान ट्रान्स-हार्बरच्या लोकलमध्ये सोबत नेलं. (ऐरोलीपर्यंत चौथ्या सीटवर अर्धं बूड टेकवून पेन्सिल चालवणं हा वेगळाच खेळ.) संध्याकाळच्या परतीत सापडलं. पहिल्या आणि तिसऱ्या ओळीत, दुसऱ्या आणि आठव्या रकान्यात, अशी आयताच्या चार कोपऱ्यांवरची घरं होती. त्यांत ३ आणि ७ आलटून पालटून बसवले तरी ओळ बरोबर, रकाना बरोबर, चौकटही बरोबर. म्हणजे कोड्याला दोन उत्तरं होती, बाबांचंही खरं आणि छापलेलंही खरं. दिलेले आकडे मोजले तर सव्वीस. डब्लिनच्या गणितज्ञांनी २०१२ मध्ये संगणकावर सगळ्या शक्यता तपासून दाखवलं, की एकच उत्तर हवं तर किमान १७ आकडे द्यावेच लागतात. पण १७ पेक्षा जास्त दिले म्हणून उत्तर एकच राहील असं नाही. त्या चार कोपऱ्यांपैकी एक जरी भरून दिला असता तरी भागलं असतं. प्रकाशकाला ई-मेल केला. पाच आठवड्यांनी 'पुढील आवृत्तीत दखल घेऊ' असं एका ओळीचं उत्तर आलं. बाबांनी त्या पानावर लाल पेनाने 'सदोष' लिहून तारीख घातली. तेव्हापासून ते प्रत्येक सुडोकूत आधी असे आयत शोधतात. अजून दुसरा मिळालेला नाही.

दुसऱ्या पुस्तकातला 'गंमतकोडी' विभाग फाडून टाकावा असा आहे. नमुना: 'मिनिटात एकदा येते, क्षणात दोनदा येते, हजार वर्षांत एकदाही येत नाही, ते काय?' उत्तर: 'एम हे अक्षर'. अहो, 'क्षणात' या शब्दात म आहे कुठे? इंग्रजीतलं उचललं आणि तसंच मराठीत ओतलं. हे वाचून सासूबाईंनी कपाळाला हात लावला आणि 'सूपभर लाह्या, त्यात एक रुपया' हे हुमण, म्हणजे कोडं, घातलं. लेकीने खिडकीबाहेर बघून चांदण्या आणि चंद्र ओळखले. त्या रात्री जेवण साडेदहाला झालं, कारण सासूबाईंची हुमणं संपेचनात.

आणखी एक तक्रार. गणितज्ञ दत्तात्रेय कापरेकरांचं नाव दोन्ही पुस्तकांत कुठेही नाही. १९०५ साली डहाणूला जन्म, माध्यमिक शिक्षण आपल्या ठाण्यात, पुढे देवळालीला शाळामास्तर, आणि जगभर त्यांच्या नावाने ओळखला जाणारा आकडा ६१७४. ते आम्ही स्वतःच संचात घुसवलं. कोणताही चार अंकी आकडा घ्या, अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने लावून वजाबाकी करा, आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच. जास्तीत जास्त सात वेळांत ६१७४ येतं. घोडबंदर रोडला अडकलो की लेक पुढच्या गाडीचा नंबर घेते. ३५२४ असेल तर ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७, मग ८३५२, मग ६१७४. वजाबाकीचा इतका सराव गृहपाठाने कधी झाला नव्हता. यात फक्त ९९९९ सारखे चारही अंक सारखे असलेले नंबर फसतात. लोक आरटीओत पैसे मोजून घेतात ते हेच, आणि पहिल्याच वजाबाकीत त्यांचं शून्य होतं. लेकीला हे भारी आवडतं.

खोक्यावरचा 'स्मरणशक्ती वाढते' हा दावा सोडून द्या. बाबांचा चष्मा अजून रोज हरवतो. सुडोकू मात्र ते पूर्वीच्या निम्म्या वेळात सोडवतात. वाढतं ते एवढंच, असा माझा अनुभव. अमेरिकेत २०१६ साली असेच दावे करणाऱ्या एका मेंदूखेळांच्या कंपनीला २० लाख डॉलर भरावे लागले होते, पुरावा नव्हता म्हणून.

कागद बरा आहे, तीनदा खोडलं तरी फाटत नाही. बांधणी मात्र मार्चमध्येच सुटली. ८९० रुपयांत पहिलं पुस्तक आणि मनोरा वसूल झाला, दुसऱ्याचे पैसे गेले.

मनोऱ्यावर सध्या आजोबा-नातीची चुरस आहे. आठ चकत्या कमीत कमी २५५ चालींत हलतात. लहान चकती मोठीच्या खाली जाता कामा नये, डावीकडून उचलून उजव्या खांबावर न्यायच्या. गेल्या रविवारी बाबांनी मोजून २५५ चाली केल्या, एकही वाया नाही, आणि मनोरा उभा राहिला मधल्या खांबावर. चकत्या सम असल्या की पहिली चाल मधल्या खांबावर टाकायची असते, त्यांनी ती उजव्यावर टाकली होती. नात म्हणते डाव बाद. बाबा म्हणतात, चाली बरोबर आहेत, खांबांची जागा चुकली आहे. त्यांनी पाट उचलून थोडा फिरवून ठेवला आणि चहा मागितला.